खडखडाटातली कबुतरं

आमच्या गावात आता इतकी शांतता आहे, की जेवताना माझंच चावणं मला ऐकू येतं. साताऱ्याकडचं हे आमचं मूळ गाव, आणि निवृत्तीनंतर इथंच राहायचं हा हट्टही माझाच. बायको म्हणते, "भिवंडीत रोज त्या आवाजाला शिव्या घालत जेवायचात. आता मिळाली ना शांतता? मग भाकरी अर्धी का टाकता?" मी दातांवर ढकलतो. दात उत्तम आहेत. दुसऱ्यांचे दात बघून वय सांगण्यात माझी उभी नोकरी गेली, स्वतःचे तेवढे मला कळतात.

मी गुरांचा डॉक्टर. दोन हजार सालानंतरची बरीचशी वर्षं भिवंडीत एका सरकारी दवाखान्यात काढली. बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा वाटलं, यंत्रमागांचं गाव ते, तिथं जनावरं कुठली? आपण आता बसून पगार खायचा. गेलो तर तबेल्यांतल्या म्हशी, खाडीकडच्या गावांतले बैल, ईदच्या आधी जिन्याजिन्यात बांधलेले बोकड, सगळे माझी वाटच बघत होते. आणि डास. डास हे आमच्या खात्याचं जनावर नव्हे, पण भिवंडीत मला सगळ्यांत जास्त पळवलं ते त्यानंच.

डास फक्त माणसाला चावतो असा माणसांचा एक गोड गैरसमज असतो. कुत्र्याच्या रक्तात तो जंतांची पिल्लं सोडतो. ती अंगात वाढतात, त्यांतली एक जात तर थेट काळजात घर करते. कोंबड्या-कबुतरांना तो देवी देतो. आजारी पाखराला चावून निरोग्याला चावला, की झालं. पण हे सगळं लोकांना सांगताना मात्र शब्द जपून वापरावे लागतात, हे मी खाडीकडच्या अंजूर गावात शिकलो.

अंजूरला गोमादादा म्हणून एक आगरी शेतकरी होते. त्यांचा काळ्या नावाचा कुत्रा सारखा धापा टाकायचा. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात बारीक जंत वळवळताना दिसले. मी औषध दिलं आणि निघताना मोठ्या रुबाबात म्हणालो, "दादा, याला डास चावू द्यायचा नाही. अजिबात." पुढच्या खेपेला गेलो तर ओटीवर पलंग, पलंगावर मच्छरदाणी, मच्छरदाणीत काळ्या, आणि खाली चटईवर गोमादादा दंड खाजवत बसलेले.

"दादा, हे काय?"

"तुमीच त सांगला ना, डाक्तर. मच्छरदानी घरान एकच हाय."

"अहो, मग दोघं झोपा की आत."

"झोपलो व्हतो. त्यो लाथा मारतंय."

काळ्या सुधारला. गोमादादांना मात्र त्याच महिन्यात मलेरिया झाला. तेव्हापासून सल्ला देण्याआधी मी घरात मच्छरदाण्या किती हे विचारू लागलो.

पण मला खरं सांगायचंय ते इस्माईलचाचांच्या कबुतरांबद्दल.

चाचा भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. तळमजल्यावर लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड, वर घर, त्याच्या वर गच्ची आणि गच्चीवर कबुतरं. मेंदीनं रंगवलेली दाढी, आणि भुवयांवर कायम कापसाची रुई चिकटलेली. पावसाळा सरता सरता एकदा ते टोपलीत दोन कबुतरं घेऊन दवाखान्यात आले. चोचीच्या कडेला आणि पापण्यांवर मसुरीएवढे फोड होते.

"डाक्टर, जरा बघा यांना. कायतरी उठलंय तोंडावर."

मी म्हशींचा माणूस. म्हैस हातातून उडून जात नाही. कबुतर धरल्यावर ते सुटू नये, यातच माझी सगळी विद्या खर्ची पडत होती. त्या गडबडीत मी निदान ठोकून दिलं, "नरांची मारामारी आहे ही. चोची मारतात एकमेकांना. नर वेगळे ठेवा."

"डाक्टर, या दोनी माद्या हायेत."

"मग माद्या वेगळ्या ठेवा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, टोपली उचलली आणि गेले. माद्या वेगळ्या झाल्या, पण काही दिवसांत नरांनाही तेच फोड उठले. मग मात्र मी घरी जाऊन पुस्तक काढलं, आणि ती देवी आहे हे कळल्यावर स्वतःच चाचांच्या जिन्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वरून विचारलं, "आता कुनाला येगळं करायचं?"

भिवंडीबाहेरच्या वाचकाला ती गच्ची कशी सांगू? खाली लूम चालू असायचे. गच्चीवर अनवाणी उभं राहिलं की तो खडखडाट कानांच्या आधी तळव्यांना लागायचा. दोन माणसांना बोलायचं तर ओरडूनच बोलायचं. आणि त्या गोंगाटात पन्नासेक कबुतरं माना आखडून निवांत डुलक्या काढायची. उलट लोडशेडिंगमध्ये लाइट गेली आणि सगळ्या मोहल्ल्याचे लूम एकदम गप्प झाले, की सगळी भर्रकन उडायची. त्यांच्या लेखी शांतता म्हणजेच संकट.

डास कुठून येतात, हे शोधायला मी गटारं पाहिली, पिंपं पाहिली. शेवटी ते सापडले कबुतरांच्या आंघोळीच्या दगडी कुंडीत. शेवाळाखाली अळ्याच अळ्या लटकत होत्या.

"अब्बांच्या वेळेपासनं या कुंडीतलं पानी कवा आटू दिलं न्हाय," चाचा अभिमानानं म्हणाले. "रोज वर टाकत जातो. जिवंत पानी हाय. बघा कसं हलतंय."

वाद न घालता मी चाचींकडून लोणच्याची रिकामी बरणी मागून घेतली, ते 'जिवंत पाणी' तिच्यात भरलं आणि तोंडाला मलमल बांधून ती त्यांच्याच खिडकीत ठेवली. काही दिवसांनी गेलो तर बरणीत डासांचा थवा. चाचा वाकून बघतच राहिले. माझी छाती इतकी फुगली, की शाळामास्तरासारखं "हे बघा" म्हणत मी दाखवायला फडकंच काढलं.

चाची पदरानं वारा घालत म्हणाल्या, "डाक्टरभाई, आमच्या घरात कमी व्हते म्हनून तुमी वाढवून आणले?"

पण कुंडी त्या दिवसापासून रोज रिकामी होऊन काथ्यानं घासली जाऊ लागली.

मग मी सांगितलं, खुराड्यांना बारीक जाळी लावा. चाचांना तो अपमान वाटला. "कापड इननाऱ्यानं जाली इकत आनायची?" त्यांनी एका लूमवर उभे धागे विरळ भरून बँडेजसारखं झिरझिरीत कापड काढलं. आम्ही दोघांनी मिळून ते सगळ्या खुराड्यांवर ताणून बांधलं. एक डास आत शिरणार नाही असं काम झालं होतं. फक्त सूत लूमवर तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ लावलेली असते, ती आधी धुऊन काढायला हवी, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. जिन्यात, गच्चीच्या दाराशीच, बोकड बांधला होता आणि त्याचं दावं जुनं होतं. सकाळी लूमवरचा कारीगर मला बोलवायला आला.

"डाकटर साब, आधा थान तो बकरा खा गया. बाकी आधा बिछा के सो रहा है."

बोकडाचं फुगलेलं पोट उतरवायला मात्र मला पुस्तक लागलं नाही.

देवीला औषध नसतं. खपल्या ओढायच्या नाहीत, डोळे मिटलेल्या पाखराला हातानं भरवायचं आणि ते उपासानं मरू द्यायचं नाही. चाचा गच्चीवर बसून एकेकाला भिजवलेले चणे भरवत होते. तीन-चार गेली, बाकीची सावरत आली. आणि अगदी शेवटी जिरीच्या पापणीवर फोड दिसला.

जिरी ही चाचांची मादी. करड्या अंगावर जिऱ्यासारखे ठिपके. कबुतरबाजीचा रिवाज असा, की तुमचं पाखरू दुसऱ्याच्या गच्चीवर उतरलं तर ते त्याचं. परत मागायचं नाही, मागितलं तर इज्जत गेली. थवा भरकटून परक्या गच्चीकडे झुकला, की त्याला घराकडे वळवायची ती जिरी. एकदा पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एकानं तिलाच पकडून तिचे पंख दोऱ्यानं बांधून ठेवले होते. ही बया टेम्पोंच्या चाकांमधून चालत घरी आली, जिना चढून.

"वाट कशी सापडली तिला?" मी विचारलं होतं.

"आमच्या लूमचा आवाज येगळा हाय. जुने हायेत, लंगडतात."

मी हसलो होतो. मला सगळी भिवंडी एकाच आवाजात खडखडताना ऐकू यायची.

आता गोष्ट एकट्या जिरीची राहिली नव्हती. चाचांचा मुलगा युनूस, त्याच्या मनात गच्ची मोबाइलच्या टॉवरला भाड्यानं द्यायची होती. घरात रोज त्यावरून कुरबुर व्हायची. चाचांनी कंटाळून एकदा सांगून टाकलं होतं, "जिरी हाय तवर कबुतरं. जिरी गेली की सगळी सोडून देईन. मग गच्ची तुझी." आणि चाचा बोललेला शब्द फिरवत नसत. जिरी गेली असती तर तीन पिढ्यांची कबुतरं गेली असती.

युनूस मला जिन्यात गाठून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वाचवा तिला. टॉवर मला पाहिजे, पण असा नको."

मी ठरवलं, आता सगळं पुस्तकाप्रमाणे. गच्चीवर जाळी नाही, बोकडाच्या कृपेनं. तिथं डास जिरीला चावून पुन्हा बाकीच्यांना चावणार. तेव्हा जिरीला दवाखान्यात, माझ्या आतल्या खोलीत हलवायचं. तिथं खिडकीला तारेची जाळी होती, दार घट्ट लागत होतं. आजूबाजूला लूम नव्हते. मला वाटलं, आजारी जिवाला याहून चांगली जागा कुठली?

जिरीनं खाणं सोडलं. दोन्ही डोळे मिटलेले. चोच उघडून चणा ठेवला की ती मान झटकून तो माझ्या चष्म्यावर भिरकावी. मी चणे बदलले, मका आणला, नळीनं पाणी पाजलं. बायकोनं मऊ भात करून दिला, तो मीच खाल्ला. जिरीच्या छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागायला लागलं. फोड तर सुकत होते, रोग उतरत होता, आणि पाखरू माझ्या डोळ्यांदेखत उपासानं मरत होतं.

मी निरोप पाठवला तसे दुपारी चाचा आले. तिला मांडीवर घेऊन बसले. खिडकीकडे, दाराकडे कान दिला. मग म्हणाले, "डाक्टर, इथं येवढं गप का हाय?"

"दवाखाना आहे चाचा. गपच असणार."

"तिला दिसत न्हाय. कानानंच कळतंय. तिला वाटतंय लाइट गेली."

"मग?"

"लाइट गेली की मी खाली शेडमधी कारीगरांबरोबर बसतो, दाना टाकायला वर जात न्हाय. लूम चालू झाले की वर जातो. जलमल्यापासनं तिनं लूम बंद असताना दाना खाल्लेला न्हाय."

माझ्या टेबलावर इंजेक्शनचा स्टीलचा ट्रे होता. चाचांनी तो पालथा केला, चिमटा उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. खट खटाक खट, खट खटाक... मध्येच एक ठोका उशिरा, पाय घसरल्यासारखा. जिरीनं मान उचलली. पिसं फुलवली. चाचांनी डाव्या हातानं चणा पुढे धरला. तिनं चोचीनं तो चाचपला, आणि घेतला.

मी त्या क्षणी काय बोलावं? बोललो ते हे: "चाचा, तो ट्रे निर्जंतुक केलेला होता."

"मग बरं झालं," चाचा म्हणाले आणि दुसरा चणा उचलला.

जिरी डोळे उघडेपर्यंत दवाखान्यात तो ट्रे वाजत राहिला. चाचा सकाळी यायचे, बाकीच्या वेळा माझ्याकडे. मी वाजवायचो तर ती दोन दाणे घेऊन थांबायची. चाचांनी दाराबाहेर उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "तुमचा लूम नवीन वाटतो. लंगडवा जरा." मी लंगडवायला शिकलो. बाहेर म्हैस घेऊन आलेला तबेलेवाला भैया शिपायाला विचारी, "अंदर कीर्तन चल रहा है क्या?" एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांनी जाळीच्या दारातून मला एका हातानं ट्रे बडवताना नि दुसऱ्या हातानं कबुतराला चणे भरवताना पाहिलं. मी म्हणालो, "उपचार चालू आहे सर." ते म्हणाले, "कोणावर?"

खपल्या गळून पडल्या. एक डोळा कायमचा पांढरा झाला, दुसरा लख्ख उघडला. गच्चीवर सोडली तेव्हा ती आधी नुसतीच उभी राहिली. तळव्यांतून खडखडाट अंगात भरून घेत असावी. मग उडाली. युनूस कठड्याला टेकून बघत होता. तो म्हणाला, "गेला माझा टॉवर," आणि इतका हसला की चाचीही हसल्या. पुढे एका डोळ्यामुळे जिरी नेहमी एकाच बाजूनं वळायची आणि सगळा थवा निमूटपणे तिच्यामागून तसाच वळायचा.

पुढच्या वर्षी पावसाच्या आधीच मी देवीची लस घेऊन गेलो. मांडीवरची चार पिसं उपटायची आणि त्या जागी ब्रशनं लस घासायची, एवढंच काम. ब्रश मी घरी विसरलो होतो. चाचांनी दिला तो निघाला दाढीला मेंदी लावायचा. सगळ्या कबुतरांच्या मांड्या लालभडक झाल्या आणि मोहल्ल्यात बोभाटा झाला, की इस्माईलचाचांनी नवीन जात आणली. लस मेंदीतूनही लागू पडते का, यावर पुस्तकात काही नव्हतं. पण त्या साली त्या गच्चीवर एकही फोड उठला नाही. कुंडी कोरडी होती, आणि आता जाळीही होती, धुतलेली.

निवृत्तीच्या आधी निरोप घ्यायला गेलो तेव्हा चाचांनी तो पोचे पडलेला ट्रेच मागून घेतला. दवाखान्याला मी कधीच नवीन आणून दिला होता. "लाइट गेली की वाजवीन," म्हणाले. जिना उतरताना शेडच्या दाराशी मी उगाच रेंगाळलो. कारीगरांनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. त्या आवाजात कुणी "बरं आहे" म्हटलं असेल तरी मला ऐकू आलं नसतं. तोवर मला शेजारपाजारच्या लूममधून चाचांचे लूम ओळखू येऊ लागले होते.

गावी आल्यावर मी अधूनमधून फोन करायचो. चाचा आधी बोलायचेच नाहीत. "ऐका," म्हणून फोन शेडच्या दाराकडे धरायचे. खट खटाक खट. मग म्हणायचे, "हां, आता बोला." जिरी गेली तेही त्या खडखडाटातच ओरडून सांगितलं. "म्हातारी होऊन गेली, डाक्टर! दाना खाऊन गेली! नातवंडं हायेत तिची!" मी इकडे ओसरीवर "अच्छा, अच्छा" असा ओरडत होतो आणि शेजारचे लोक धावून आले होते.

मागच्या महिन्यात दुपारी जेवायला बसलो. समोर भाकरी, पिठलं, आणि ती आमच्या गावाची प्रसिद्ध शांतता. घास जाईना. ताट तसंच ठेवून फोन लावला. चाचांनी उचलला. मी सवयीनं गप्प राहिलो, आधी लूम ऐकू येतील म्हणून. पलीकडेही गप्प. आणि त्या गप्पपणात मला पहिल्यांदाच कबुतरांचं घुमणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत त्या गच्चीवर मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

"लाइट गेलीय का चाचा?"

ते म्हणाले, "लाइट हाय, डाक्टर."

मग पुढचं त्यांनीच सांगितलं. लूम भंगारात गेले. वजनावर. युनूस आता भिवंडीजवळच्या दापोड्याला गोदामात कामाला जातो, माल मोजतो. शेडला कुलूप आहे.

"आणि गच्ची? टॉवर?"

"टावर कशाला? जिरीची नातवंडं हायेत म्हंजे जिरी हायच, आन जिरी हाय तवर कबुतरं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "थांबा, फोन ठिवू नका. त्यांच्या दान्याची येळ झाली."

काहीतरी धातूचं जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला. आणि मग सुरू झालं. खट खटाक खट, खट खटाक... मध्येच एक ठोका उशिरा. पंखांची फडफड झाली, कितीतरी चोची फरशीवर टकटक करू लागल्या.

फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि भाकरी मोडली. बायको चुलीपाशी बसून बघत होती. माझी भाकरी संपली तशी तिनं न विचारता दुसरी वाढली.